49.49 किलोमीटर रस्ते आणि तीन सभागृहे: कोल्हापूरच्या रस्ते प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

49.49 किलोमीटर रस्ते, 220 कोटी रुपये खर्च, 30 वर्षे टोल. कोल्हापुरात त्या सात-आठ वर्षांत जो रोज पेपर वाचत होता, त्याला हे तीन आकडे आजही झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. मी स्थापत्य अभियंता आहे. रस्त्यांची आणि गटारींची कामे करण्यात, पुढे दुसऱ्यांनी केलेली तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. टोलच्या आंदोलनाबद्दल पुष्कळ लिहून आले, आणि ते यायलाच हवे होते. मला इथे त्या आंदोलनाच्या आधीची वेळ तपासायची आहे. महापालिकेच्या सभागृहापुढे, म्हणजे निवडून आलेल्या नगरसेवकांच्या सभेपुढे विषय येतो, प्रशासनाचा प्रस्ताव वाचला जातो, सूचक-अनुमोदकांची नावे लागतात आणि ठराव मंजूर होतो, ती वेळ. शहराला पुढे जे भोगावे लागले त्याचे मूळ मला मोजमापात दिसते. काम मातीआड जाण्याआधी ते कुणी मोजायचे आणि मोजलेले कुणाला दाखवायचे, हे ज्यांनी हात वर केले त्यांच्याकडे राहिले नाही.

आधी शहराबद्दल थोडे. कोल्हापूरची नगरपालिका 1854 ची, महापालिका झाली 1972 मध्ये. हद्द तेव्हापासून तीच, 66.82 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 5,49,236. म्हणजे 220 कोटींचा प्रकल्प हा तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत माणशी 4,000 रुपयांचा होता, आणि किलोमीटरला जवळपास साडेचार कोटींचा. हद्दवाढ न झाल्यामुळे शहराचा कर भरणारा वर्ग तेवढाच राहिला, रस्ते वापरणारा मात्र वाढत गेला. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत जाणारे कामगार, शाहू मार्केट यार्डात माल आणणारे शेतकरी, सीपीआर या सरकारी दवाखान्यात येणारे पेशंट, अंबाबाईच्या दर्शनाला येणारे भाविक, हे सगळे रोज याच रस्त्यांवर. रस्ते वाईट होते, रुंद करायला हवे होते, आणि महापालिकेकडे एवढा पैसा एकरकमी नव्हता. प्रस्तावाला हो म्हणणारे सगळे आंधळे होते असे मी कधीच म्हणणार नाही. गरज खरी होती.

करार

2008 मध्ये तिहेरी करार झाला. महापालिका, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ आणि एक खासगी कंपनी. पद्धत 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' ही. कंपनीने पैसा घालायचा, रस्ते करायचे, 30 वर्षे टोल गोळा करून खर्च आणि नफा वसूल करायचा, तोवर रस्ते सांभाळायचे आणि मग शहराच्या हवाली करायचे. शिवाय टेंबलाईवाडीतली मोक्याची जागा 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने कंपनीकडे. नागपूर, सोलापूर, अमरावती या शहरांतही महामंडळाने एकात्मिक रस्ते विकासाचे प्रकल्प केले होते, त्यामुळे कल्पना काही आभाळातून पडलेली नव्हती.

अडचण होती कोल्हापूरच्या भूगोलात. पुणे–बेंगळुरू महामार्ग शहरात शिरत नाही. तो शिरोलीहून पंचगंगा ओलांडतो आणि उचगाव, सरनोबतवाडी, गोकुळ शिरगाव करत कागलकडे निघून जातो. लांब पल्ल्याचे ट्रक, परराज्यातल्या गाड्या, म्हणजे टोलचे जे हक्काचे गिऱ्हाईक समजले जाते, ते बाहेरच्या बाहेर जाते. कोकणची वाहतूक तेवढी रत्नागिरी रस्त्याने आत येते. मग टोल भरणार कोण? नऊ नाके होते: शिरोली, शाहू नाका, उचगाव, सरनोबतवाडी, कळंबा, फुलेवाडी, शिये, पुईखडी, आर. के. नगर. नकाशावर या नऊ टिकल्या लावल्या की शहराभोवती कडे तयार होते. गगनबावड्याच्या, राधानगरीच्या, गारगोटीच्या रस्त्याने रोज येणारा माणूस कुठल्या ना कुठल्या नाक्यावर येणारच. हा माणूस प्रवासी नव्हे. त्याचे शेत कड्याबाहेर असते आणि दुकान आत, किंवा घर आत आणि कारखाना बाहेर.

हे समजायला मोठा अहवाल लागत नाही. सकाळी सहा ते दहा फुलेवाडीच्या रस्त्याकडेला चौघांनी वही घेऊन बसावे, कुठली गाडी कुठून आली आणि कुठे चालली हे लिहावे, आणि ती वही सभागृहाच्या समितीपुढे ठेवावी. वाहतूक मोजणीत गाड्या किती हे तर लिहितातच. त्या कुणाच्या आहेत आणि आठवड्यातून किती वेळा येतात, हा रकाना मात्र समितीने मागून घ्यावा लागतो. टोलचा दर ठरण्याआधी शहरातल्या शंभर घरांचे महिन्याचे गणित मांडून बघितले असते, तर ठराव कदाचित झालाही असता, पण स्थानिक गाड्यांची सोय त्याच ठरावात लिहून घेतली गेली असती.

आंदोलन

ते इतक्या जणांनी पाहिले आहे की इथे थोडक्यातच सांगतो. 2012 पासून मोठे मोर्चे निघू लागले. सर्वपक्षीय टोलविरोधी कृती समिती, तिच्या पुढे प्रा. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे. ऑक्टोबर 2013 मध्ये वसुली सुरू झाली. 12 जानेवारी 2014 रोजी जमावाने टोलनाके पेटवले. प्रकरण उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात गेले, वसुली थांबली, पुन्हा सुरू झाली. फेब्रुवारी 2015 मध्ये पानसरे यांच्यावर कोल्हापुरातच गोळ्या झाडल्या गेल्या आणि 20 तारखेला ते गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्य सरकारने टोल रद्द केला. पानसरेंना तो दिवस दिसला नाही, ही सल या शहरात कायमची आहे.

लोक टोलच्या विरोधात होते हे खरेच, पण त्यांचे बोलणे नीट ऐकले तर त्यात कामाबद्दल फार बारीक तक्रारी होत्या. गटारी जोडलेल्या नाहीत, फूटपाथ अर्धवट आहेत, विजेचे खांब रस्त्यातच राहिले, झाडे तोडली ती पुन्हा लावली नाहीत. वकील, इंजिनिअर, रिक्षावाले, तालमीतली पोरे, सगळे एकाच भाषेत बोलत होते: झालेले काम किती, ते दाखवा. मला त्या सगळ्या घोषणांपेक्षा हे वाक्य मोलाचे वाटत आले आहे.

मोजायचे कधी

टोल सुरू झाल्यावर आणि तो काढून टाकायचे घाटू लागल्यावर प्रकल्पाच्या मूल्यांकनाचा प्रश्न ऐरणीवर आला. कंपनीला पैसे परत करून रस्ते सोडवून घ्यायचे असतील तर किती द्यायचे? त्यासाठी समित्या झाल्या, मोजण्या झाल्या, वाद झाले. सामान्य माणसाला वाटते की रस्ता समोर आहे, टेप लावा आणि मोजा. इथेच गोम आहे.

रस्त्याची लांबी-रुंदी कधीही मोजता येते. खोली मोजता येत नाही. वरून दिसते ते डांबराचे शेवटचे बोटभर जाडीचे कार्पेट. त्याखाली डांबरी मिश्रणाचा जाड थर, त्याखाली खडी, त्याखाली मुरूम, आणि सगळ्याच्या तळाशी मूळची जमीन, जी नदीकडच्या भागात काळी, पाणी धरणारी आहे. खर्चाचा मोठा वाटा या न दिसणाऱ्या थरांत असतो. काम झाल्यावर ते तपासायचे तर कोअर काढावा लागतो: यंत्राने डांबरातून दंडगोल कापून बाहेर काढायचा आणि त्याच्या अंगावरचे थर पट्टीने मोजायचे. दर शंभर मीटरला एक असे धरले तरी 49.49 किलोमीटरला 495 कोअर होतात, आणि तेवढे काढूनही प्रत्येक कोअर त्या वीतभर जागेपुरतेच सांगतो. गटारीचे तर त्याहून अवघड. चेंबर उघडून आत डोकावता येते, पण दोन चेंबरांमधला पाइप कुठल्या उताराने टाकला आहे, त्याखाली काँक्रीटचा बेड आहे की नुसती माती, हे वरून कळत नाही.

म्हणून आमच्या धंद्यात एम.बी. असते, मोजमाप पुस्तक. चर उघडा असताना कनिष्ठ अभियंत्याने जागेवर जाऊन माप घ्यायचे, तिथेच वहीत लिहायचे, ठेकेदाराच्या माणसाची सही घ्यायची, मग उपअभियंत्याने त्यातली काही मापे पुन्हा तपासायची. बिल त्या वहीवरून निघते. ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेली ही पद्धत आहे, आणि ती नीट पाळली तर तिच्यापेक्षा चांगले काही मी पाहिलेले नाही.

'बांधा, वापरा' पद्धतीत मात्र महापालिका कंपनीला बिल देतच नाही. पैसा टोलमधून येणार असतो. बिल नाही म्हटल्यावर दर महिन्याचे माप महापालिकेच्या टेबलावर यायचे कारणच उरत नाही. अंमलबजावणी महामंडळाकडे, देखरेख नेमलेल्या सल्लागाराकडे, आणि ज्या सभागृहाने शहराचे रस्ते 30 वर्षांसाठी दिले त्याच्याकडे छापील करार. महापालिकेच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीत एरवी पाच-दहा लाखांच्या गटारीच्या बिलावर तासभर खडाजंगी होते, आणि ती व्हावीच. 220 कोटींच्या कामाचे एकही बिल त्या टेबलावर आले नाही, कारण पद्धतच तशी होती. मूल्यांकनाचा वाद एवढा चिघळला तो यामुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. मागाहून मोजणाऱ्याला प्रत्येक गोष्टीत अंदाज करावा लागतो: कुठल्या वर्षाची दरसूची धरायची, न केलेले काम वजा कसे करायचे, पाण्याच्या लाइनी आणि केबली हलवल्याचा खर्च कुणाच्या खात्यात. दोन प्रामाणिक माणसांचे दोन वेगळे आकडे येतात आणि लोकांना वाटते, कुणीतरी खोटे बोलतोय.

शेवटी राज्याने भरपाई मान्य केली ती चारशे कोटींच्या वर. 220 कोटींच्या प्रकल्पाला एवढे कसे, हा प्रश्न मला अजूनही लोक विचारतात. काम होऊन वर्षे गेलेली असतात, कर्जावर व्याज चढलेले असते आणि कराराने दिलेला पुढच्या दोन दशकांच्या वसुलीचा हक्क परत घ्यायचा असतो; त्यामुळे रक्कम मूळ खर्चावर थांबत नाही. पण सुरुवातीपासूनची मापे शहराच्या हातात असती, तर त्या आकड्यापुढे कोल्हापूरला स्वतःचा आकडा ठेवता आला असता.

आमच्या गल्लीतला चर

एवढ्या मोठ्या प्रकरणातली गोष्ट मला लहान जागेत आधीच दिसली होती. आमच्या उपनगरात ड्रेनेजची लाइन बदलली. पाइप टाकून झाल्यावर चर बुजवताना मुरूम थराथराने टाकायचा, पाणी मारायचे, दाबायचा, मग पुढचा थर. मी दोन दिवस परगावी होतो. आलो तर चर बुजलेला, वर डांबराचा पट्टा ओढलेला, गुळगुळीत. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात तोच पट्टा वीतभर खचला आणि शेजारच्या रिक्षाचे चाक त्यात गेले.

वहीत काय लिहिले आहे ते मी जाऊन पाहिले. मुरूम, थर, पाणी, दाबाई, सगळे व्यवस्थित होते. खचलेल्या जागी कुदळ मारली तर खालून उकरलेलीच काळी माती वर आली, त्यात विटांचे तुकडे आणि प्लास्टिकची पिशवी. ठेकेदाराचा म्हातारा मुकादम बाजूला उभा होता. त्याने काही लपवले नाही.

"सायेब, चर उघडा हुता तवा कोन बी आलं न्हाई," तो म्हणाला. "आता आत काय हाय ते मला ठावं आन् ह्या मातीला ठावं."

ती खचलेली जागा दुरुस्त झाली, पण गल्लीतला उरलेला दोनशे मीटर चर कसा भरला आहे, हे मी अभियंता असूनही सिद्ध करू शकलो नाही. 49.49 किलोमीटरच्या मूल्यांकनाची बातमी वाचताना मला दरवेळी ती काळी माती आठवते.

तीन सभागृहे

दुसरी गोष्ट मुदतीची. महापालिकेच्या निवडणुका 2005, 2010 आणि 2015 मध्ये झाल्या. करार केला 2005 च्या सभागृहाच्या काळात. टोलनाके उभे राहिले, मोर्चे आले, नाके जळले ते 2010 च्या सभागृहाच्या काळात. टोल रद्द झाला तेव्हा 2015 ची निवडणूक होऊन दोन महिनेही झाले नव्हते. ज्यांनी मंजुरी दिली त्यांतले बरेच जण उत्तर द्यायच्या वेळी सभागृहात नव्हते, आणि जे उत्तर देत होते त्यांतल्या अनेकांनी करार केलेला नव्हता.

स्थायी समितीचे तर आणखी अवघड. कायद्याने तिचे सदस्य 16, आणि त्यांतले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. महापौरपद कोल्हापुरात वर्षा-वर्षाला, कधी काही महिन्यांतच बदलत आले आहे. अशा समितीला 30 वर्षांचा करार सांभाळायला सांगणे म्हणजे पाहुण्याच्या हाती घराच्या किल्ल्या देणे आहे. 15 नोव्हेंबर 2020 ला सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे प्रशासकांनीच कारभार पाहिला. करार टिकला असता तर त्या सगळ्या काळात त्याच्यावर एकाही नगरसेवकाची नजर नसती.

यावर तोड आहे, आणि ती महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 मध्येच आहे. शहराची बससेवा पाहणारी परिवहन समिती नेमताना सभागृहाने 12 माणसे घ्यायची असतात, स्थायी समितीचे सभापती पदसिद्ध. ही 12 माणसे नगरसेवकच असली पाहिजेत असे कायदा म्हणत नाही. प्रशासन, वाहतूक, अभियांत्रिकी, उद्योग, अर्थ, कामगार या विषयांतला अनुभव असलेला बाहेरचा माणूस घेता येतो. प्रत्यक्षात या जागा राजकीय पुनर्वसनाला वापरल्या जातात, आणि मला त्याचे फार वाईट वाटते. केएमटी, म्हणजे कोल्हापूरची शहर बससेवा, 1962 पासून चालते, महापालिका व्हायच्या आधीपासून. तिच्या ड्रायव्हर-कंडक्टरांना कुठल्या वळणावर बस घासते, कुठल्या थांब्यावर पाणी साचते, कुठे जुने डांबर न खरवडता थरावर थर चढवल्यामुळे रस्ता उंच आणि दुकाने खाली गेली आहेत, हे तोंडपाठ असते. आगारातून निवृत्त झालेला एक जण, रस्त्याची कामे केलेला एक अभियंता, एक हिशेबनीस अशी माणसे त्या 12 जागांत असती आणि सभागृहाने रस्त्यांचा मोठा विषय आधी त्यांच्याकडे अभिप्रायासाठी पाठवला असता, तर नऊ नाक्यांचे कडे कुणाच्या तरी डोळ्यात नक्की खुपले असते.

आमच्या गल्लीच्या गोष्टीला पुढे एक भाग आहे. काही वर्षांनी खालच्या गल्लीत तसेच काम निघाले. वॉर्डाच्या नगरसेविका पहिल्यांदाच निवडून आलेल्या, त्याआधी शिवणक्लास चालवायच्या. एका संध्याकाळी माझ्या दारात आल्या.

"काका, उद्या चर खणणार आहेत. मी तिथं उभी राहून बघायचं काय?"

मी त्यांना स्टीलचा टेप दिला आणि तीनच मापे सांगितली: चराची खोली, पाइपखालचा बेड, आणि मुरमाचा प्रत्येक थर दाबून झाल्यावरची उंची. त्या आठ दिवस रोज संध्याकाळी साडी खोचून चराकाठी बसल्या. कनिष्ठ अभियंता पहिल्या दिवशी वैतागला, तिसऱ्या दिवसापासून स्वतःच टेपचे दुसरे टोक धरायला लागला. मापे त्यांनी मुलीच्या दोनरेघी वहीत लिहिली, तारखेसकट, आणि प्रत्येक पानाखाली मुकादमाची सही घेतली. दुसऱ्या दिवशीच्या पानावर एक थर खोडून पुन्हा लिहिलेला होता.

"हा काय प्रकार, ताई?" मी विचारले.

"तो थर नीट दाबला नव्हता. मी म्हटलं, काढा. काढला, परत टाकला, मग लिहिला."

बिल निघायच्या वेळी ती वही आणि ऑफिसची एम.बी. एका टेबलावर ठेवून ओळीने ओळ ताडून पाहिली. दोन ओळींत फरक निघाला, तेवढी रक्कम कमी झाली. पुढच्या पावसाळ्यात मी मुद्दाम त्या गल्लीतून रोज चालत जात होतो. पट्टा जागचा हलला नव्हता.